डोक्यावरचं तळं

घरात मासे पाळण्यावर पुष्कळ लिहून झालंय. ते सगळं एक तर माशांच्या बाजूनं असतं, नाही तर पाळणाऱ्याच्या. पाळणाऱ्याच्या बरोबर खालच्या मजल्यावर जो राहतो, त्याची बाजू कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही. वास्तविक या छंदातला सगळ्यात जागरूक माणूस तोच. मासे झोपतात, पाळणारा झोपतो. खालचा जागा असतो.

आमच्या वर अण्णा राहतात. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांचं आयुष्य गेलं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून माणसांशी भांडून ते निवृत्त झाले. असा माणूस घरी बसला की आधी सगळी दारं करकरायची थांबतात, मग सगळे नळ गळायचे थांबतात, आणि मग दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तो खिन्न होऊन गॅलरीत उभा राहतो. नेमकं त्याच सुमाराला वहिनींनी नातवाच्या वाढदिवसाला दीड फुटाची काचेची टाकी आणली. त्यात चार गोल्डफिश, प्लॅस्टिकचं एक झाड आणि झाकण उघडून बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा. नातू आठवड्याभरात कंटाळला. अण्णांनी पेटारा उघडून आतली यंत्रणा बघितली आणि तिथे आमच्या छताचं भवितव्य ठरलं.

मासा वाढतो आणि भांडं पुरत नाही, ही तक्रार आपल्याकडे फार जुनी आहे. मनूच्या ओंजळीत बोटभर मासा आला. दया येऊन त्यानं तो कमंडलूत ठेवला. तिथे मावेना म्हणून रांजणात, रांजणात मावेना म्हणून तळ्यात, मग गंगेत, मग समुद्रात. पुराणकार याला अवतार म्हणतात. दुकानदार याला ऑस्कर म्हणतात. दोन इंचांचा असताना घ्यायचा, वर्ष-दीड वर्षात तो फुटाच्या घरात जातो, काचेशी येऊन मालकाकडे खायला मागतो आणि दिलं नाही तर टाकीतले दगड उपसून राग काढतो. अण्णांच्या टाक्या याच क्रमानं दीड फुटाच्या अडीच फुटी आणि अडीचच्या चार फुटी झाल्या. मनूला निदान पुढे प्रलय आहे याची पूर्वसूचना मिळाली होती. माझ्याकडे अण्णाच टेप घेऊन आले.

"तुमच्या हॉलचं माप घ्यायचंय."

"माझ्या का?"

"माझ्याखाली काय आहे ते बघायला नको?"

त्यांच्याखाली मी होतो.

टाकी आठ फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच होणार होती. म्हणजे ७२ घनफूट. एका घनफुटात २८ लिटरांहून थोडं जास्त पाणी मावतं. हिशेब केला तर दोन हजार लिटर, आणि पाण्याचा लिटरला किलो हा दर कुठलीही महागाई आली तरी बदलत नाही. दोन टन पाणी, चारशे किलोच्या आसपास काच, वर वाळू, दगड, लोखंडी स्टँड. एकूण अडीच टनांच्या वर. कुतूहल म्हणून मी शोधलं, तर आशियाई हत्तीण साधारण तेवढ्याच वजनाची भरते. आमच्या घरात त्या दिवसापासून टाकीला टाकी कुणी म्हटलं नाही. "हत्तीण कधी येणार?" असंच बायको विचारायची.

एवढी मोठी टाकी विकतच का आणत नाहीत, असा प्रश्न मला पडला होता. याचं उत्तर लिफ्टजवळ उभं राहिलं की मिळतं. आठ फुटी टाकी लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याच्या वळणावर वळत नाही आणि फ्लॅटच्या दारातून आत येत नाही. ती जिथे राहणार तिथेच जन्माला यावी लागते. शिवाय अण्णांना विकतची वस्तू म्हणजे अपमान वाटतो. एका दुकानातली तयार टाकी त्यांनी गुण्या लावून तपासली होती. "कोपरा काटकोनात नाही," असं त्यांनी दुकानदाराला ऐकवलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, माशांना काय कळतंय?" त्या दुकानात अण्णा परत गेले नाहीत.

मुळात हे खूळ दिवाणखान्यात आलं ते इंग्रजांच्या. काचेवरचा कर ब्रिटनमध्ये १८४५ साली उठला, काच स्वस्त झाली, १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांसाठी काचेचं घर उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस नावाच्या निसर्ग-अभ्यासकानं समुद्रच घरात कसा आणावा यावर पुस्तक काढलं. मग काय, प्रतिष्ठित घराघरांत खारं पाणी हिंदकळू लागलं. आपल्याकडे सामान्य माणसाला काचेमागचा मासा दाखवला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयानं. ते मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालं. अण्णांची शाळेची सहल तिथे गेली होती. बाकीची मुलं कासव बघत होती तेव्हा हा मुलगा वाकून टाकीखालचे पाइप बघत होता, असं ते अभिमानानं सांगतात. २०१५ मध्ये नूतनीकरण झाल्यावर तिथे डोक्यावरून मासे जाणारा बारा फुटी बोगदा आला. तो बघून आल्यावर अण्णा मला म्हणाले, "डोक्यावर पाणी असलं म्हणजे घाबरायचं कारण नसतं. लोक तिकीट काढून जातात."

प्रकरण सोसायटीच्या सभेत जाणं ओघानंच आलं. आमच्याकडे पार्किंगच्या पट्ट्यांवरून दोन सभा चालल्या आहेत. दोन हजार लिटर म्हणजे पर्वणी. सेक्रेटरींनी आधी मुद्दा काढला की मासे हे पाळीव प्राणी धरायचे की फर्निचर. खजिनदारांना शंका होती की ते भाडेकरूंत मोडत असतील तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावावे लागतील. एकानं टाकी गच्चीवर ठेवा म्हणून सुचवलं, दुसऱ्यानं मासे कमी ठेवले तर वजन कमी होईल का, असं विचारलं. माशांचं वजन सगळं मिळून दोन-तीन किलो, हे अण्णांनी सांगितल्यावर सभेला उगाचच हायसं वाटलं.

मग सी विंगच्या आजी बोलल्या. १२ जुलै १९६१ ला, पानशेत धरण फुटलं त्या दिवशी, त्या नारायण पेठेत होत्या. पुण्यात त्या वयाच्या माणसाचा कालगणनेचा आरंभ तिथून होतो. लग्न, बाळंतपणं, नोकऱ्या, सगळं पुराच्या अलीकडे किंवा पलीकडे. अण्णांनी काचेची जाडी, जोडांची ताकद आणि सुरक्षिततेचा गुणांक फळ्यावर मांडून झाल्यावर आजींनी शांतपणे विचारलं, "अहो, पानशेतसुद्धा इंजिनिअरांनीच बांधलं होतं ना?"

सभा तहकूब झाली.

तोड निघाली ती ऑडिटमुळे. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, असं उपविधींत आहे. आमची इमारत त्या वयात आलेलीच होती. ऑडिटला आलेल्या इंजिनिअरला अण्णांनी वर चहाला नेलं आणि मी आमंत्रण नसताना मागोमाग गेलो. इंजिनिअर तरुण होता, पण बोलायचा सावकाश. राहत्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वरचा भार धरून काढतात, असं त्यानं सांगितलं. अण्णांची टाकी तेवढ्याच जागेत त्याच्या पाच-सहा पट भार देणार होती. मी मान डोलावली. अण्णांचा चेहरा पडला. मला अण्णांबद्दल वाईट वाटलं आणि माझ्याबद्दल फार बरं वाटलं. हे बरं वाटणं चहाचा कप संपेपर्यंत टिकलं.

कारण इंजिनिअरनं मूळ नकाशा उलगडला. नकाशात हॉल आणि जेवणाची जागा यांच्या मधोमध नऊ इंची विटांची भिंत दाखवलेली होती. तिच्याखाली तिचा भार पेलेल असा बीम. प्रत्यक्षात बिल्डरनं 'ओपन लेआऊट' असं गोंडस नाव देऊन भिंत गाळली होती. बीम मात्र राहिला होता. नऊ इंच जाड, आठ फूट लांब, दहा फूट उंच भिंत तीन टनांच्या वर जाते. टाकी अडीच.

"म्हणजे भिंतीपेक्षा मासे हलके," इंजिनिअर म्हणाला.

अण्णांनी त्याला दुसरा चहा सांगितला. स्टँडखाली लोखंडी गर्डर टाकायचे, सगळा भार बीमवर, बीमवरून कॉलमवर न्यायचा आणि स्लॅबला हातही लावायचा नाही, असं ठरलं. इंजिनिअरनं तसं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. (हे आमच्या इमारतीचं गणित आहे. वाचकांनी आपापल्या घरच्या भिंती पाडून टाक्या बसवू नयेत.) बिल्डरनं वीस वर्षांपूर्वी वाचवलेल्या विटांचा फायदा कुणाला तरी झाला, ही पुण्याच्या बांधकाम इतिहासातली दुर्मिळ घटना असावी.

एक अडथळा अजून राहिला होता. वहिनींच्या भावानं वास्तूची माहिती असलेले एक गृहस्थ आणले. त्यांनी होकायंत्र फिरवून सांगितलं की पाणी ईशान्येला हवं, मासे नऊ हवेत आणि त्यांतले आठ सोनेरी नि एक काळा. आता तो बीम होता नैर्ऋत्येला. अण्णांनी इंजिनिअरला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "बीम हलत नाही. ईशान्य हलते का विचारा." गृहस्थांनी नैर्ऋत्येच्या दोषावर तांब्याचा एक तुकडा दिला. तो गर्डरखाली चिकटवलेला आहे आणि इंजिनिअरच्या मते संरचनेला त्याचा काही त्रास नाही.

मग काचेचा अध्याय. अण्णांनी १९ एमएम काच सांगितली तेव्हा काचवाल्यानं विचारलं, "शोरूम कुठाय साहेब?" समोरची एकच काच शंभर किलोच्या वर. टफन काच घ्यावी असं मला वाटत होतं, नावातच मजबुती आहे म्हणून. अण्णांनी मला मूर्खात काढलं. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, आणि जायची वेळ आली की पूर्वसूचना न देता अख्खी एका क्षणात चुरा होते. साधी काच आधी तडा देते. "म्हणजे बोलते तरी," अण्णा म्हणाले. माझ्या डोक्यावरची वस्तू बोलकी असावी, या मताचा मी तेव्हापासून झालो.

काच किती जाड लागते हे टाकीच्या लांबी-रुंदीपेक्षा पाण्याच्या उंचीवर जास्त ठरतं, हे मला या प्रकरणात नव्यानं कळलं. पाण्याचा दाब फक्त खोलीवर असतो. काचेमागे तीन फूट रुंद टाकी आहे की तीन फूट खोलीचं अख्खं खडकवासला आहे, याची काचेला खबर नसते. दोन्ही वेळा ती तेवढीच रेटली जाते. आमच्या आठ फुटी काचेला पाणी एकूण एक टनाच्या आसपास जोरानं बाहेर ढकलणार होतं. रात्रंदिवस. आणि त्या एक टनाला अडवून धरणार होती काचेच्या कडेला फिरवलेली सिलिकॉनची रेघ.

ती रेघ ओढली त्या दिवशी मी हजर होतो. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम होतं. काचा आदल्या दिवशी पाच हमालांनी जिन्यावरून चढवलेल्या. प्रत्येक वळणावर "डावा उचल, उजवा दाब" असा गजर आणि मागे अण्णा, हातात ओळंबा घेऊन, कारण नसताना. आता हॉलमध्ये चादरी अंथरलेल्या, पाणसळ लावून सपाट केलेला स्टँड, त्यावर थर्माकोल, त्यावर तळाची काच. सगळ्या कडा स्पिरिटनं पुसलेल्या. जोडाच्या दोन्ही अंगांना मास्किंग टेप. दोन काचांमध्ये तीन एमएमचे स्पेसर. मी काच जरा जोरात दाबली तसे अण्णा ओरडले, "आवळू नका! सगळा माल दाबून बाहेर काढलात तर धरून ठेवायला राहणार काय?"

सिलिकॉनची गन हातात घेतल्यावर अण्णा वेगळेच दिसू लागले. दहा-पंधरा मिनिटांत सिलिकॉनवर साय धरते. मग हात लावायचा नाही. त्यामुळे रेघ एका दमात, न थांबता, कुठेही बुडबुडा न राहता गेली पाहिजे. अण्णांनी श्वास रोखला. आम्ही सगळ्यांनी, विनाकारण, आपापले रोखले. नळीच्या टोकातून काळी रेघ निघत गेली, कोपऱ्यावर वळली, वर चढली. खोलीभर व्हिनेगरचा आंबूस वास पसरला; वाळताना या सिलिकॉनमधून तेच आम्ल बाहेर पडतं. खालून बायकोचा फोन आला, वर कुणाचं लोणचं बिघडलंय का. अण्णांनी साबणाच्या पाण्यात बोट बुडवून रेघ वरून खाली निपटून घेतली, टेप अलगद सोलला, आणि त्या क्षणी एक डास येऊन ओल्या रेघेवर बसला.

कुणी बोलेना. डास पाय सोडवायला धडपडत होता आणि जितका धडपडे तितका आत जात होता. अण्णा चिमटा घेऊन वाकले, परत सरळ झाले, परत वाकले. काढायला गेलं तर रेघ बिघडणार, ठेवला तर जोडात परकी वस्तू. टूलरूममध्ये असा पार्ट रिजेक्ट झाला असता. शेवटी त्यांनी चिमटा खाली ठेवला. तो डास मागच्या डाव्या कोपऱ्यात, तळापासून वीतभर उंचीवर, आजही आहे. पाहुण्यांना मासे नंतर दाखवतात, आधी तो.

सिलिकॉन वाळायला दिलेले दिवस गेले आणि पाणी भरायचा दिवस आला. पाव टाकी भरायची, एक रात्र थांबायचं, मग अर्धी, असा क्रम होता. समोरच्या काचेच्या मध्यावर अण्णांनी टूलरूममधला डायल गेज लावला, काच किती फुगते ते बघायला. मी खाली माझ्या हॉलमध्ये बीमखाली सोफा सरकवून बादली आणि पंचे घेऊन बसलो. दोन हजार लिटरांना एक बादली ही तयारी अपुरी आहे हे मला माहीत होतं, पण काही तरी हातात असावं लागतं. फोन स्पीकरवर. "अर्धा एमएम," अण्णा वरून सांगायचे. मी छताकडे बघायचो. "पाऊण. एक. दीड." शेवटी काटा पावणेदोनवर थांबला. वरच्या कडेला आतून लावलेल्या काचेच्या पट्ट्यांनी फुगवटा धरून ठेवला होता. अण्णांचा आवाज भरून आला होता. कारखान्यातल्या सहकाऱ्यांना फोन करून त्यांनी पावणेदोन एमएम कळवलं. मासे अजून एकही नव्हते.

आणि पुढे दीड-दोन महिने एकही येणार नव्हता. टाकी भरली, दिवे लागले, पंप सुरू झाले. बघायला आलेली माणसं काचेला नाक लावून विचारायची, "मासे कुठायत?" अण्णा म्हणायचे, "आधी बॅक्टेरिया येतायत." लोक चपला तपासून घालत आणि निघत.

खरं तर टाकी म्हणजे बॅक्टेरियांची वसाहत, मासे नंतरचे. माशाच्या विष्ठेतून आणि उरल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो माशालाच विषारी. एका जातीचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. ही साखळी बसायला आठवडे लागतात, आणि ती बसेपर्यंत तिला खायला अमोनिया हवा. मासे नाहीत तर अमोनिया आणायचा कुठून? यावर जगभर चालत आलेला एक उपाय असा की कोळंबी टाकीत टाकून सडू द्यायची.

अण्णांचं घर पिढ्यान् पिढ्या शाकाहारी. वहिनी अंड्याच्या केकला हात लावत नाहीत. त्या घरात अण्णा मंडईतून कागदात बांधून मूठभर सोडे घेऊन आले. खास या कामासाठी वेगळी पिशवी, वेगळा चमचा, आणि आल्यावर अंघोळ. जुन्या साडीच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून ती टाकीत सोडली. पुढच्या चार दिवसांत इमारतभर त्या वासाची चर्चा. तळमजल्यावरचे मालवणचे काका वास घेत घेत जिना चढून वर आले आणि दारात उभे राहून त्यांनी वहिनींना भक्तिभावानं विचारलं, "वहिनी, आज सोड्यांचा कालवण?"

वहिनी त्या संध्याकाळी आमच्याकडे जेवल्या.

फिल्टरची गंमतही सांगण्यासारखी आहे. बॅक्टेरियांना राहायला जागा हवी, जितका पृष्ठभाग जास्त तितकी वस्ती जास्त. त्यासाठी दुकानात चिनी मातीची कडी नि प्लॅस्टिकची चाकं भारी किमतीला मिळतात. अण्णांनी त्याऐवजी भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या घासण्या घाऊक आणल्या. तेवढाच पृष्ठभाग, दहावा हिस्सा खर्च. त्यांच्या कामवाल्या मावशींनी टाकीखालच्या कपाटात एवढ्या घासण्या बघितल्या आणि पगारवाढ मागितली.

मासे निवडताना अण्णांचा विवेक दिसला. एका दुकानात त्यांना 'शार्क' दाखवण्यात आला: तीन इंची, चंदेरी, पंख उभा, अगदी ऐटबाज. मालवणच्या काकांनी तो मोबाइलवर बघितला आणि तुच्छतेनं फोन परत केला. "ह्यो बासा! ह्यो खयचो मासो!" काकांचं बरोबर होतं. हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच पंगासिअस लहानपणी मत्स्यालयाच्या दुकानात शार्क म्हणून खपतो, आणि मोठेपणी मीटरभराहून लांब होतो. टाकी साफ ठेवतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर मासाही अण्णांनी नाकारला. कंटाळलेल्या मालकांनी तळ्यात सोडलेल्या या दक्षिण अमेरिकन पाहुण्यानं आंध्र-बंगालात कोळ्यांची जाळी फाडायला घेतली आहेत. अरोवाना नको, कारण तो उडी मारतो आणि मेहुण्यांना त्यात भाग्य दिसतं.

कुर्ल्याच्या बाजारापर्यंत जाऊन आल्यावर अण्णांनी निवडला तो डेनिसन बार्ब: अंगावर काळा पट्टा, त्यावर लाल रेघ, शेपटीला पिवळा-काळा ठिपका. केरळ-कर्नाटकातल्या घाटातल्या वाहत्या नद्यांचा हा मासा हौशी लोकांनी उपसून उपसून धोक्यात आणला. म्हणून अण्णांनी टाकीतच पैदास झालेले घेतले. २०१३ साली शास्त्रज्ञांनी याला नवं नाव दिलं, 'सह्याद्रिया डेनिसोनी'. हे कळल्यावर अण्णांनी पाहुण्यांना "आपला सह्याद्रीचा" असं सांगायला सुरुवात केली, मिशांवरून हात फिरवत. वीतभरापेक्षा हा मासा वाढत नाही. आठ फुटांच्या तळ्यात वीतभर मासे बघून लोक हिरमुसतात. त्यांना हत्ती बघायचा असतो. अण्णा म्हणतात, "पळायला जागा आहे ना त्याला? तुमच्या टू बीएचकेत तुम्हाला आहे का?"

मला वाटतं, अण्णांना मासे फारसे बघायचेच नसतात. ते पंपाचा आवाज ऐकतात, पाण्याचं तापमान वहीत लिहितात, सॉकेटपेक्षा खाली झोका घेतील अशा वायरी सोडतात, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगपर्यंत न जाता वळणावरून खाली पडतो. मासे हे या सगळ्याला लागलेलं निमित्त. मासे नसते तर इतकी यंत्रसामग्री घरात बसवायला वहिनींनी परवानगी दिली नसती.

मला मात्र आवाजाचा त्रास झाला. वरून ओसंडणारं पाणी पाइपातून फिल्टरकडे उतरताना घशात पाणी अडकल्यासारखं गुळगुळायचं. ते रात्री आमच्या छतातून ऐकू येई. मी उठून नळ तपासायचो. पन्नाशीनंतर रात्री पाण्याचा आवाज ऐकून माणसाला दुसरंही काही सुचतं, त्यामुळे उठणं फुकट जात नसे. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी पाइपाच्या तोंडाशी एक टी बसवली आणि तिच्या टोपणाला बारीक भोक पाडलं. हवा शिरायला वाट मिळाली, आवाज बंद. त्यानंतर झोप येईना, कारण आता काहीच ऐकू येत नव्हतं.

अशाच एका रात्री मी बर्लिनची बातमी परत वाचली. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे तिथल्या हॉटेलातलं जगप्रसिद्ध मत्स्यालय फुटलं. दहा लाख लिटर पाणी, दीडएक हजार मासे, सगळं लॉबीतून थेट रस्त्यावर. सकाळी मी ती अण्णांपुढे धरली. त्यांनी शांतपणे वाचली. "ॲक्रिलिक होतं," ते म्हणाले, "आणि त्यांनी डायल गेज लावलेला दिसत नाही."

शेवटी गाडी अडली ती वजनावर नाही, पाण्यावर. टाकीतलं नायट्रेट साठत जातं, म्हणून आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं. पाव हिस्सा म्हणजे पाचशे लिटर. माणशी दिवसाला १३५ लिटर हे आपल्या शहरांचं प्रमाण. म्हणजे जवळजवळ चार माणसांचं एका दिवसाचं पाणी. आणि आमची सोसायटी मार्चपासून टँकरवर. सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली: "काही सभासदांकडे वास्तव्यास असलेल्या मत्स्यवर्गामुळे टँकरच्या खर्चात वाढ झाल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी खुलासा करावा." खुलासा मत्स्यवर्गानं करायचा की अण्णांनी, यावर जिन्यात दोन गट पडले.

अण्णांनी खुलासा केला नाही. त्यांनी गॅलरीतून पाइप खाली सोडला. काढलेलं पाणी गटारात न घालता त्यांनी ते आमच्या कुंड्यांवर सोडलं. नायट्रेट म्हणजे झाडांचं खतच. आमच्या जास्वंदीला आजवर मी वर्षाकाठी मोजून तीन फुलं बघितली होती. ती अशी लगडली की बायको शेजारणींना परडीभर देऊ लागली. मग पाइप सोसायटीच्या बागेत गेला. वाळलेली हिरवळ धरली, अनंत फुलला, आणि सेक्रेटरींच्या गच्चीवरच्या टोमॅटोंना अचानक सामाजिक जाणीव झाली. महिन्याभरात मला फलकावर दुसरी सूचना दिसली. मत्स्यजलाच्या वाटपाची. ए विंग रविवार सकाळ, बी विंग रविवार दुपार, बादल्या स्वतःच्या आणाव्यात, रांग मोडू नये.

परवाच्या सभेत सी विंग उठली. पाणी त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत संपतं. आजींनी स्वतः तक्रार मांडली. त्यांच्या मोगऱ्यावर अन्याय होतोय. सेक्रेटरींनी अण्णांना विचारलं, पाणी आठवड्यातून दोनदा बदललं तर माशांना चालेल का. अण्णा म्हणाले, उगाच इतकं बदलणं बरं नाही; दुप्पट पाणी हवं असेल तर सरळ आणखी तेवढीच टाकी लागेल. सभेत क्षणभर कुणीच बोललं नाही. मग खजिनदारांनी खर्चाचा अंदाज विचारला, आणि अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या बेडरूमवरच्या बीमचं ड्रॉइंग आहे का हो तुमच्याकडे?"